एक आतडे, एक बाटली

रुग्णालयाच्या भांडारपालांना गेले चार महिने दिवसातून नऊ वेळा संडासात जावे लागत होते आणि त्यातल्या निदान तीन वेळा रक्त पडत होते. कार्यालयीन वेळेतल्या पाच फेऱ्यांची नोंद ते हालचाल रजिस्टरात ‘तातडीचे काम’ अशी करीत. त्यात खोटे काही नव्हते. शेवटी पँट कमरेवर ठरेना, तेव्हा बायकोने त्यांना पुढे घालून त्यांच्याच रुग्णालयातल्या पोटाच्या डॉक्टरांसमोर उभे केले.

डॉक्टरांनी दुर्बीण घालून आतडे पाहिले. थोडी लाली सोडली तर डोळ्यांना काही दिसत नव्हते. भांडारपाल खूश झाले. डॉक्टरांनी त्यांना समजावले, की आतड्याची सूज डोळ्यांना हातोहात फसवते. वरून तुळतुळीत दिसणारा भागही आजारी निघतो. त्यातून दोन आजार जुळ्या भावांसारखे आहेत. एकात मोठे आतडे काढले की सुटका होते, दुसरा मात्र काढलेला भाग सोडून भलतीकडेच डोके वर काढतो. म्हणून सहा ठिकाणचे तुकडे घेतले होते. कुठला तुकडा कुठला, यावर सगळे ठरणार होते.

तुकडे मात्र एकाच बाटलीत गेले. परिपत्रक क्रमांक सतरा तसेच सांगत होते: एक रुग्ण, एक बाटली. तीन वर्षांपूर्वी एका जाणकाराने टिपणी लिहिली होती, की माणसाला आतडे एकच असते, सबब बाटल्या सहा लागण्याचे कारण दिसून येत नाही. संचालकांना मुद्दा जागच्या जागी पटला. हे जाणकार म्हणजे आपले भांडारपालच. त्याबद्दल मिळालेले प्रशस्तिपत्र त्यांच्या खुर्चीमागे चौकटीत लावलेले आहे.

आठ दिवसांनी अहवाल आला. दोन तुकड्यांत आजार, चार निरोगी. कोणते दोन, ते सांगता येत नाही. भांडारपाल तावातावाने, वाटेत एकदाच थांबून, प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

“बाई, नेमकं कुठे आहे ते सांगा ना. उद्या कापायची वेळ आली तर?”

“आजार आहे, एवढं मी सांगते. कुठे आहे ते तुमच्या बाटलीला विचारा.”

“अहो, पण लेबल लावायला नको होतं?”

“लावलंय की. तुमचं नाव आहे त्यावर.”

दुर्बीण पुन्हा घालणे आले. सहा बाटल्या हव्या असतील तर परिपत्रकातून सवलत घ्यावी लागे. तिच्या अर्जासोबत प्रत्येक ठिकाणचा तुकडा वेगळा असल्याचा पुरावा जोडणे बंधनकारक होते, आणि तो पुरावा सहा बाटल्यांशिवाय मिळत नसे. तीन वर्षांत एकेचाळीस अर्ज आले होते. सगळ्यांवर भांडारपालांचा शेरा होता: पुरावा जोडलेला नाही, सबब नामंजूर.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. बेचाळिसावा अर्ज हातात धरून त्यांनी जुनी फाईल चाळली. वरचाच कागद एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचा होता. नामंजुरीनंतर त्यांचे आतडे अंदाजाने कापले होते, आणि आजार सात महिन्यांत दुसरीकडे उगवला होता, असे डॉक्टरांनी खाली नोंदवले होते. भांडारपालांनी पेन उघडले आणि स्वतःच्या अर्जावर लिहिले: विशेष बाब म्हणून मंजूर.

“मग ते परिपत्रकच रद्द करून टाका की,” घरी बायको म्हणाली. “तुमच्याच हातचं आहे.”

“असं कसं? नियम सगळ्यांसाठी असतो.”

“आणि तुम्ही?”

“मी आतला माणूस.”

बायकोने ताट पुढे सरकवले.

भांडारपालांच्या सहा बाटल्या सहा लेबलांनिशी प्रयोगशाळेत पोचल्या, आजार नेमका सापडला, आता त्यांना पुष्कळ उतार आहे. परिपत्रक अजून लागू आहे. तुम्ही त्यांना मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या असतील, त्या रास्तच आहेत. पण उद्या तुमच्याच घरात कुणाला रक्त पडू लागले, तर तुम्ही परिपत्रकाविरुद्ध तक्रार लिहायला बसाल, की भांडारपालांच्या ओळखीचे कोणी सापडते का ते पाहाल? खरे सांगायचे तर एक नाव तुम्हाला आत्ताच आठवले आहे.