पेन्सिलीने गोल केलेला सायलेन्सर

काचेवरचं धुकं मी शर्टाच्या बाहीने पुसलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण शर्ट नुकताच इस्त्री केलेला होता (इस्त्री मीच केली होती, म्हणून त्याची किंमत मला ठाऊक), तेव्हा फडकं मिळेल म्हणून मी गाडीचा समोरचा खण उघडला. फडकं नव्हतं. चार घड्या घातलेला एक छापील कागद होता.

गाडी तशी माझी नव्हे. कागदोपत्री माझी, पण खरी दादाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची. आठ महिन्यांपूर्वी दादा गेला. सकाळी दाढी करता करता स्टुलावर बसला, तो उठलाच नाही. त्यानंतर महिन्याभराने वहिनी वरच्या मजल्यावरून खाली आल्या, गाडीची किल्ली आमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "भाऊजी, ही तुम्ही चालवा. मला ती खिडकीतून दिसते, ते सोसवत नाही." गाडी मी चालवली तरी उभी तिथेच राहणार, हे माझ्या लक्षात आलं होतं, पण ते बोलून दाखवायची ती वेळ नव्हती. दुसऱ्या दिवसापासून मी ती इमारतीच्या मागे लावायला लागलो. (मागच्या बाजूला वहिनींच्या स्वयंपाकघराची खिडकी आहे, हे मला पुढे तीन आठवड्यांनी कळलं.)

त्या दिवसानंतर वहिनी जिना उतरल्या नाहीत. चष्म्याच्या दुकानात त्या डोळ्यांचे नंबर तपासतात, भिंगं घासून फ्रेममध्ये बसवतात. दुकानाचे मालक आधी आठवड्याने, मग महिन्याने फोन करत होते. माझी बायको रोज संध्याकाळी डबा घेऊन वर जायची आणि आदल्या दिवशीचा अर्धा भरलेला डबा घेऊन खाली यायची. वर काय बोलणं झालं असं विचारलं, तर म्हणायची, "काही नाही. पंखा हळू करा म्हणाल्या."

दादाची गाडी लाल, तीन दारांची, दिसायला लहान आणि इंजिनाने भलतीच तापट. दादा ती चालवायचा तेव्हा ती आनंदात असायची. मी पाण्याने काठोकाठ भरलेली परात घेऊन चालल्यासारखा चालवतो. पंचावन्नच्या वर काटा कधी गेला नाही. मी पाणीपुरवठा खात्यात नळजोडणीचे अर्ज तपासतो. घाई हा आमच्या खात्याचा स्वभाव नाही.

तर तो कागद. त्यावर गाडीला बाहेरून बसवायच्या तीन एक्झॉस्टची चित्रं होती, म्हणजे मधल्या जोडापासून मागची सगळी नळी आणि शेवटचा डबा. पहिला सौम्य, दुसरा मध्यम आणि तिसऱ्याचं तोंड एवढं मोठं की त्यात माझी मूठ गेली असती. तिसऱ्याभोवती पेन्सिलीने गोल केलेला होता. ठळक, दोनदा गिरवलेला.

धुकट काचेमागे बसून मी अंदाज बांधला. दादाला हे हवं होतं आणि राहून गेलं. गाडीचा जुना डबा तसाही गंजला होता, त्यातून खोकल्यासारखा आवाज यायचा, गॅरेजच्या मास्तरांनी तो बदलायला सांगितलाच होता. मी ठरवलं, बदलायचाच तर दादाच्या मनातला बसवायचा.

बायकोला सांगितलं. तिने वहिनींना विचारलंत का, असं विचारलं. मी म्हणालो, त्यांना नको तो त्रास कशाला, एकदम आवाज ऐकतील आणि त्यांना बरं वाटेल.  बायको शाळेत गणित शिकवते. पोरानं उत्तर चुकीचं काढलंय, पण कोणत्या पायरीवर चुकलाय ते सापडत नाहीये, असा तिचा चेहरा झाला होता.

तरीही एवढी मोठी गोष्ट न ऐकता घ्यायची नाही, म्हणून ऑफिसात जेवणाच्या सुट्टीनंतर मी कॉम्प्युटरवर तिन्हींचे आवाज ऐकायचं ठरवलं. हेडफोन कानाला लावले. पहिला ऐकला. काहीच ऐकू येईना. आवाज वाढवला. दुसरा, तोही मुका. आवाज पूर्ण वाढवला आणि तिसरा लावला. हेडफोनची पिन अर्धीच आत गेली होती, हे मला सोडून खिडकीपुढच्या रांगेतल्या अकरा जणांना कळलं. एक आजीबाई अर्ज टाकून भिंतीला टेकल्या. आमचे हेडक्लार्क उठून आले. दादा गेल्यापासून ते माझ्याशी दवाखान्यात बोलावं तसं बोलतात. खांद्यावर हात ठेवून त्यांनी घरी सगळं ठीक आहे ना, झोप लागते ना, असं विचारलं आणि माझं टेबल कोपऱ्यात, फायलींच्या कपाटामागे हलवलं. तिथे हवा येत नाही, पण सहानुभूती भरपूर आहे.

मास्तर म्हणजे दादाचे मेकॅनिक. उदास माणूस. कुठल्याही गाडीचं बॉनेट उघडलं की आधी सुस्कारा टाकतात. मी कागद पुढे केला. त्यांनी तिसराच का, नक्की का, असं दोनदा विचारलं. मी म्हणालो, दादाने निवडलाय. मास्तरांनी टोपी काढली, परत घातली आणि म्हणाले की दादा हा कागद घेऊन आले होते खरे, दोन वर्षं झाली, पण नंतर त्यांनी विषय काढला नाही. मला वाटलं, यापेक्षा आणखी काय पुरावा हवा.

बसवायला सगळी सकाळ गेली. जुने बोल्ट गंजून जागीच धरले होते. मास्तरांनी ते तापवले, ठोकले, शेवटी कापले. जुना डबा खाली आला तो दोन तुकडे होऊन, म्हणजे परतीची वाट तिथेच बंद झाली. नवी नळी चकचकीत होती. रबराच्या पट्ट्यांवर ती लोंबकळवून, क्लॅम्प आवळून मास्तरांनी मला गाडी सुरू करायला सांगितलं.

मी किल्ली फिरवली. शेजारच्या भिंतीवरचं घड्याळ खाली आलं.

मास्तर जवळ येऊन माझ्या कानात ओरडले, की चाळीस ते साठच्या मध्ये जरा घुमतं, साठच्या वर गेलं की थांबतं. बाकीच्या जगासाठी ही माहिती उपयोगाची असेल. माझं सगळं आयुष्य चाळीस ते साठच्या मध्ये गेलेलं आहे.

ते घुमणं कानात होत नाही, कवटीत होतं. डोक्यावर पातेलं पालथं घालून कुणी आतून गुणगुणावं, तसं. आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की मागून पटापट फटाके. पहिल्या दिवशी घरी पोचलो तेव्हा तळमजल्यावरचे निवृत्त गृहस्थ भूकंप समजून महत्त्वाच्या कागदांची पिशवी घेऊन अंगणात उभे होते. बायको गाडीत एकदाच बसली. दुसऱ्या सिग्नलला उतरली आणि म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मला विचार करायचाय." मी मात्र रोज मान वर करून वहिनींच्या खिडकीकडे पाहायचो. ती बंदच असायची. चौथ्या दिवशी तिच्या फटींत आतून वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले दिसले.

त्याच आठवड्यात दुकानाच्या मालकांनी वहिनींना निरोप पाठवला, की पहिल्या तारखेला यायचं असेल तर या, नाहीतर मला दुसरं माणूस बघावं लागेल. बायकोने हे मला सांगितलं आणि पुढे म्हणाली, की वहिनी बघू म्हणाल्या, पण त्यांचा आवाज जाणाऱ्या माणसाचा नव्हता.

शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास मी गाडी धुतली आणि पाणी निघून जावं म्हणून इंजिन सुरू केलं. आभाळ राखेच्या रंगाचं होतं. दोन मिनिटांनी मला जाणवलं की मागे कुणीतरी उभं आहे. वहिनी होत्या. पायात घरातल्या सपाता, अंगावर दादाचा स्वेटर, केस न विंचरलेले. सात महिन्यांनी त्या जिना उतरल्या होत्या आणि मला वाटलं, झालं, काम झालं. मी इंजिन बंद केलं.

"हे कुणी बसवलं?"

"मी."

"त्या तीन आवाजांतला तिसरा?"

त्यांनी नंबर बरोबर ओळखला, याने मी हुरळलोच. ओल्या हातानेच खिशातून कागद काढला, उलगडला आणि दादाची राहून गेलेली इच्छा, माझं कर्तव्य वगैरे जे काही आठवडाभर मनात घोळवलं होतं ते सांगून टाकलं. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं.

"तो गोल मी केलाय," त्या म्हणाल्या. "आमच्या दुकानात चुकीच्या भिंगाला गोल करतात."

मग त्या गाडीला टेकल्या आणि हळूहळू सांगत गेल्या. एका संध्याकाळी दादाने त्यांना तिन्ही आवाज ऐकवले होते. लहान मुलाच्या हौसेने. त्या दिवसभर भिंग घासायच्या यंत्रापुढे बसून आलेल्या, कान किटलेले. त्यांनी पेन्सिल घेतली, तिसऱ्याला गोल केला आणि सांगितलं, की दुसरं काहीही आणा, हे या घरात येणार नाही. दादा हसला, कागदाची घडी घातली, खणात ठेवला आणि पुन्हा त्या विषयावर बोलला नाही. दुसराही आणला नाही, पहिलाही नाही.

"एवढीशी गोष्ट मागितली होती त्यांनी," वहिनी म्हणाल्या. "आठ महिने तेच डोक्यात आहे, भाऊजी. बाकी काही नाही. तेवढंच. मी हो म्हटलं असतं तर माझं काय जात होतं?"

हातातल्या स्पंजमधून पाणी गळून माझ्या बुटात साचत होतं, आणि ते थांबवावं एवढंही मला सुचत नव्हतं. भावाच्या आठवणीखातर मी त्याच्या बायकोच्या जखमेवर लोखंडी नळी बसवून आणली होती, तीही क्लॅम्प आवळून.

वहिनींनी दार उघडलं आणि आत बसल्या. "चालू करा," म्हणाल्या.

आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो. पन्नासवर डोकं घुमायला लागलं. वहिनी डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून ऐकत होत्या. दोन किलोमीटरनंतर त्यांनी विचारलं, हे असंच वाजत राहतं का. मी म्हणालो, साठच्या वर थांबतं असं मास्तर म्हणतात.

"मग जा ना साठच्या वर."

मी गेलो. आयुष्यात पहिल्यांदा गेलो. थांबलं नाही. फक्त सूर बदलला, आता कुणी पातेल्यावर उलथनं घासत होतं. मी घाबरून पाय काढला, मागून सात-आठ फटाके फुटले, आणि पुढचा सायकलवाला सायकलवरून उतरून हात वर करून उभा राहिला.

"भयंकर आहे हे," वहिनी म्हणाल्या.

"हो."

"म्हणजे माझं बरोबर होतं."

"अगदी बरोबर होतं, वहिनी."

त्या ते चार वेळा म्हणाल्या. पहिल्यांदा मला सांगितलं, दुसऱ्यांदा स्वतःला. तिसऱ्यांदा म्हणताना त्या रडत होत्या. चौथ्यांदा नाक पुसून, स्वच्छ आवाजात म्हणाल्या, आणि लगेच पुढे, "मास्तरांकडे घ्या."

मास्तरांनी वहिनींना पाहून स्टूल पुसून दिलं आणि सुस्कारा टाकून गाडीखाली शिरले. तासाभरात तिसरा उतरला आणि त्याजागी साधा, काळा, कंपनीसारखा डबा बसला. हात पुसत पुसत ते वहिनींना म्हणाले, की बाई, खरं तर दादांनी त्या तिसऱ्याचा आवाज दोन वर्षांपूर्वी इथेच दुसऱ्या एका गाडीवर ऐकला होता. पाच मिनिटं कानावर हात ठेवून उभे होते. म्हणाले, बायको म्हणते ते खरं आहे, पण तिला कळू देऊ नका.

मी मास्तरांना विचारलं, मग हे मला आधी का नाही सांगितलंत? ते म्हणाले, दुःखातल्या माणसाला अडवू नये असं त्यांना वाटलं.

 तेव्हापासून शेवटपर्यंत दादा वहिनींसमोर त्यागमूर्ती होऊन वावरला होता आणि आतून त्यांच्याच मताचा होता. "हा माणूस," त्या म्हणाल्या, आणि एवढंच. पण ते दोन शब्द त्यांनी ज्या रागाने उच्चारले, तसा राग जिवंत माणसावरच येतो. मग त्यांनी माझ्यापुढे हात केला. मला वाटलं, आधार हवाय, म्हणून मी माझा हात दिला. त्यांना किल्ली हवी होती.

वहिनींकडे लायसन्स आहे, हे मी विसरलो होतो. दादा असताना त्यांना कधी स्टिअरिंग मिळालं नव्हतं. परतताना मी शेजारी बसलो, दोन्ही हातांनी दाराची मूठ धरून, आणि माझ्या लक्षात आलं की गाडी खरंच साठच्या वर आवाज न करता जाते, ऐंशीच्याही वर जाते, आणि तिला ते आवडतं. घरी आल्यावर वहिनींनी गाडी इमारतीच्या पुढे, त्यांच्या खिडकीखाली लावली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायको वरून डबा घेऊन आली तो रिकामा होता, चाटूनपुसून संपवलेला. तो तिने बराच वेळ हातात धरून ठेवला.

किल्ली परत मिळाली नाही. मागण्यासारखा प्रसंगही नव्हता.

पहिल्या तारखेला सकाळी मी बसच्या थांब्यावर उभा होतो. बारीक, चिकट पाऊस पडत होता आणि छत्री घरी होती. तेवढ्यात लाल गाडी वळणावरून आली आणि अगदी माझ्यापुढे येऊन थांबली. वहिनी दुकानात निघाल्या होत्या, केस नीट बांधलेले, नवा चष्मा. त्यांनी काच खाली केली. मी बॅग काखेत मारून दाराकडे हात नेला.

"भाऊजी, बस यायला वेळ आहे का अजून?"

"वीस मिनिटं," मी म्हणालो.

"मग ठीक आहे," वहिनी म्हणाल्या. "मला वाटलं, चुकली की काय तुमची," आणि काच वर करून त्या निघून गेल्या.