अस्वलाच्या कानाला खाज सुटते

एका जंगलात एक वाद्यवृंद होता.

थांबा. मुलांनो, आधी कानात घातलेलं ते काढा. हो, तूसुद्धा. केसांखाली लपवलंस तरी दिसतं मला. गोष्ट ऐकायला कान मोकळे लागतात. नंतर त्या कानांचं काय करायचं ते मी शेवटी सांगेन.

तर या वाद्यवृंदात मोर गात असे. मोराचा आवाज कसा असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. पण त्या जंगलात गायक निवडताना आधी पिसारा बघायची पद्धत होती. साळिंदर गिटार वाजवी. कोल्हा म्होरक्या होता. तो काहीच वाजवत नसे, पण प्रत्येक पोस्टरवर मधोमध तोच उभा असे. आणि धोंडिबा नावाचं एक अस्वल ढोल वाजवी.

धोंडिबा डोंगरापलीकडचा. त्याची म्हातारी आई तिकडेच राहत होती. आपला लेक जंगलात ढोल वाजवतो एवढं तिला माहीत होतं, पण तिने तो कधी ऐकला नव्हता. आईने एकदा येऊन ऐकावं, एवढीच धोंडिबाची इच्छा होती. यात हसण्यासारखं काही नाही. ज्यांना हसू येतंय त्यांनी बाहेर जाऊन हसावं.

पूर्वी मंचावर वाजवणाऱ्यांच्या पायाशी छोटे स्पीकर ठेवत. आपण काय वाजवतोय ते आपल्याला ऐकू यावं, यासाठी. त्यावरून रोज भांडणं होत. माझा आवाज कमी, त्याचा जास्त. एकदा साळिंदराने काटेसुद्धा फुलवले होते.

मग कोल्हा शहराकडे जाऊन आला आणि येताना एक डबी घेऊन आला. डबीत कानात घालायची बोंडं होती. यांना इन-इअर मॉनिटर म्हणतात आणि मोठे कलाकार हल्ली हेच वापरतात, असं त्याने सांगितलं. तारेतून संगीत थेट कानात येतं आणि बाहेरचा गोंगाट बंद होतो.

"बाहेरचा गोंगाट म्हणजे काय?" धोंडिबाने विचारलं.

"लोक," कोल्हा म्हणाला.

आता वस्तू वाईट नव्हती, हे मी मान्य करतो. शहाण्याच्या कानात गेली असती तर सूर सुधारला असता. पण ती या मंडळींच्या कानात गेली.

कुणाच्या बोंडात किती काय सोडायचं, ते ठरवायला मिक्सरवर वटवाघूळ बसवलं होतं. म्हणजे टांगलं होतं. तालमीच्या पहिल्याच दिवशी मोराने त्याला मान वळवून सांगितलं, माझ्या कानात मला जरा वाढव. साळिंदर म्हणालं, मलाही मी वाढव, आणि मोर तेवढा कमी कर. दोन-चार तालमींत काम इतकं छान जमलं की प्रत्येकाच्या कानात फक्त तो स्वतः उरला. भांडणं थांबली. एकमेकांशी इतकं गोड वागताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

मग कोल्ह्याच्या लक्षात आलं की ढोलाचा दणका बोंडांतूनही आत शिरतो. त्याने ढोल काढून टाकला आणि धोंडिबापुढे रबरी चकत्या मांडल्या. चकतीवर काठी मारली की कानात ढोल वाजे. बाहेर नुसतं टप.

एक तक्रार तेवढी राहिली. मोर म्हणाला, गाणं संपल्यावर टाळ्या ऐकू येत नाहीत, त्यामुळे पिसारा नीट फुलत नाही. कोल्ह्याने कुठूनतरी टाळ्या रेकॉर्ड करून आणल्या आणि दर गाण्यानंतर त्या सगळ्यांच्या कानात सोडायला वटवाघळाला सांगितलं. या टाळ्या कुणाच्या, असं मोराने विचारलं नाही. टाळ्यांच्या बाबतीत तसं विचारायचं नसतं.

पुढे सिंहमहाराजांचा वाढदिवस आला. त्या दिवशी जो वाद्यवृंद महाराजांना आवडेल तो दरबाराचा होणार होता. धोंडिबाने आईला निरोप धाडला. ती डोंगर उतरून आली आणि अगदी पुढे जाऊन बसली.

दुपार होती आणि उकाडा मरणाचा. महाराजांना प्रजेबरोबर धुळीत बसून ऐकायला नको, म्हणून कोल्ह्याने त्यांच्यासाठीही बोंडांची जोडी सिंहासनावर पाठवली होती. महाराजांनी ती घातली आणि प्रसन्न झाले. तेवढ्यात सेवक असलेल्या तरसाला वाटलं, महाराजांना घाम येतोय. त्याने पंखा आणला. प्लग लावायला जागा दिसेना. एका जागेवर आधीच काहीतरी लावलेलं होतं. त्याने ते उपटलं आणि पंखा लावला.

ते काहीतरी म्हणजे प्रजेकडे तोंड करून उभे असलेले मोठे स्पीकर होते.

कार्यक्रम सुरू झाला. कानात तो अप्रतिम रंगला. मोराने असा आलाप घेतला की त्याचे स्वतःचेच डोळे भरून आले. बाहेर प्रजेला काय ऐकू येत होतं? मोराचं उघडं केकाटणं, बंद पडलेल्या गिटारीची टणटण, आणि रबरावर टप टप. कुणीतरी दार वाजवतंय आणि कुणी उघडत नाहीये, तसं.

लोक ओरडायला लागले. आवाज येत नाही, म्हणाले. हात वर करून करून सांगायला लागले. मोराला वर झालेले हात दिसले आणि त्याने चोचीने मुके फेकले. लोक उठून उभे राहिले. कोल्ह्याने झुकून नमस्कार केला. कानांत टाळ्यांचा कडकडाट झाला. मिक्सरवरच्या वटवाघळाच्या कानांतही तेच होतं, त्यामुळे त्यालाही सगळं उत्तम वाटत होतं.

धोंडिबाला आई दिसत होती. ती उभी राहून दोन्ही हात हलवत होती. आईला आपलं वाजवणं आवडलं, असं वाटून त्याचा ऊर भरून आला आणि तो आणखी जोरात रबर बडवू लागला.

आता धोंडिबा काही इतरांपेक्षा शहाणा नव्हता. अस्वलाच्या कानात केस फार, त्यात उकाडा, त्याला खाज सुटली एवढंच. त्याने एक बोंड काढलं आणि कान खाजवला.

त्या मोकळ्या कानात आईचा आवाज आला.

"धोंड्या, आरं काय बी ऐकू यीना रं."

ती कधीपासून तेच सांगत होती. तिचा घसा बसला होता.

धोंडिबाचे हात थांबले. मग त्याने दुसरं बोंडही काढलं, चकत्या बाजूला सारल्या आणि गुडघ्यांवर बसून मंचाच्या फळ्यांवर दोन्ही पंजांनी ताल धरला. फळ्या जुन्या होत्या, पोकळ होत्या, चांगल्या घुमल्या. निघालेले लोक वळले. हरणांनी खुरांनी ठेका धरला. आई खाली बसली आणि मान डोलवू लागली.

इकडे महाराजांच्या कानातला ढोल मात्र अचानक बंद पडला. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

निकाल लागला. कार्यक्रम निर्दोष होता, फक्त मधे एकाने वाजवणं सोडून दिलं, असं महाराज म्हणाले. वाद्यवृंद दरबाराचा झाला आणि धोंडिबाला काढून टाकलं. कोल्ह्याने त्याची बोंडं पुसून डबीत परत ठेवली. त्याची जागा एका कासवाला दिली. कासवाचे कान कुणाला सापडले नाहीत, पण त्याची तक्रारही कधी आली नाही.

मायलेक डोंगराकडे निघाले. वाटेत आई म्हणाली, "ग्वाड वाजिवतोस की. मग आधी येवढा येळ काय करत व्हतास?"

धोंडिबाने पुन्हा कान खाजवला.

पुढच्या वाढदिवसापर्यंत महाराजांनी साऱ्या प्रजेला बोंडं वाटली. आता त्या जंगलात आवाज येत नाही म्हणून कुणी ओरडत नाही. दर गाण्यानंतर टाळ्या होतात.

तात्पर्य: कार्यक्रम चालू असताना कान मोकळे करू नयेत. खाज सुटली तर सोसावी. आई येणार असेल तर तिच्यासाठी आधीच एक जोडी मागून ठेवावी. चला, घाला पाहू ती परत कानात.