तोंड उघडा, जीभ वर

साळवे मॅडम दार वाजवत नाहीत. त्या उंबऱ्यात उगवतात. दिवेलागणीला तुम्ही पेपर खाली करता आणि समोर पांढरी साडी, हातात टॉर्च. आमच्या पुंडलिकनगरच्या गल्लीत ज्याला ज्याला मलेरिया झाला, त्यानं हे पाहिलंय. मी तर पहिल्या दिवशी ओरडलोच होतो.

"घाबरताय काय, शिंदे? गोळी कुठंय?"

चौदा दिवस गोळ्या होत्या. दोन-तीन दिवसांत ताप उतरतो, बरं वाटतं आणि उरलेल्या गोळ्या ड्रॉवरमध्ये जातात. मॅडमचं भांडण त्या ड्रॉवरशी आहे. "तोंड उघडा. जीभ वर." मग टॉर्चचा उजेड तोंडभर फिरतो. गालात लपवलेली गोळीही त्यांना सापडते.

निवृत्तीआधी त्यांचं कामच निराळं होतं. मलेरियाची कोणती तपासणी, कोणतं औषध कमी पैशात जास्त माणसं बरी करतं, याचे हिशोब मांडायचे. काचेवर रक्त घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं परवडतं, की झटपट निकाल देणारी पट्टी? त्या नादात त्यांचं सगळं जगच 'परवडतं का'वर येऊन थांबलं. माझ्या मुलीचं लग्न ठरल्याचे पेढे दिले तरी म्हणाल्या, "परवडतं का?" मी खर्च सांगू लागलो.

"खर्च नाय हो विचारला. पोरगा कसाय?"

एकदा मी छेडलं, "मग मॅडम, शेवटी काय परवडलं? काच की पट्टी?"

"व्हय, दोन्ही परवडतात. गोळी तर लई स्वस्त. महाग काय असतं सांगू? गोळी गिळली का हे बघायला रोज दारात येणारं माणूस. त्याचा पगार धरला की सगळा हिशोब कोसळायचा. म्हणून तो धरायचेच नाहीत."

"आणि तुम्ही येता ते?"

"मी पेन्शनवर. माझा भाव शून्य धरा."

मी हसलो. पण पुढं एका संध्याकाळी त्यांच्या घरावरून जाताना आतून आवाज आला, "तोंड उघडा. जीभ वर." मग गिळायला लागते तेवढी शांतता. मग "शाब्बास." मॅडम एकट्या राहतात.

गल्लीतल्या जुन्या लोकांना ठाऊक होतं. मॅडमचे यजमान, साळवे सरही बरं वाटलं म्हणून गोळ्या अर्ध्यावर सोडून बसले होते. मॅडम तेव्हा अजिंठ्याकडच्या खेड्यांत, कोण गोळ्या पुऱ्या घेतं आणि कोण नाही, याची पाहणी करत होत्या. ताप उलटला. त्या पोचेपर्यंत सर गेले होते.

गेल्या महिन्यात मॅडम कुणाच्याच दारात उगवल्या नाहीत. मीच गेलो. त्या पलंगावर पडलेल्या. रक्तात मलेरिया निघाला होता आणि उशाशी गोळ्यांचं निम्मं पाकीट तसंच.

"आता बरं वाटतंय," त्या म्हणाल्या.

त्यांच्या तोंडून हे वाक्य ऐकलं आणि मी खरोखर घाबरलो. त्यांचीच टॉर्च उचलली.

"मॅडम, तोंड उघडा."

"तुमचा टाइम कशाला घालवताय? परवडतं का?"

"माझा भाव शून्य धरा."

त्यांनी खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीकडं बोट केलं. शेजारी स्टुलावर पाण्याचा ग्लास झाकून ठेवलेला होता.

"आधी त्यांची."

मी रिकाम्या खुर्चीवर उजेड टाकला. "सर, तोंड उघडा. जीभ वर." वेत करकरला, निदान मला तसं वाटलं. गिळायला लागतो तेवढा वेळ थांबलो.

"गिळली," मी म्हणालो.

मॅडमनी तोंड उघडलं.