तबला धाकट्याच्या वाट्याला

हिलाल नानांच्या हातात वायरचा तुकडा पडला, की ते आधी टोकाचं प्लास्टिक दातांनी सोलत. मग तांब्याची एक बारीक तार ओढून काढत, दोन्ही हातांच्या चिमटीत ताणत, उजेडाकडे धरून एक डोळा मिटत आणि म्हणत, "कमी शे." काय कमी आहे हे विचारण्यात अर्थ नसे. नानांनी उभा जन्म जिनिंग फॅक्टरीत कापसाची प्रत ठरवण्यात घालवला होता. रुईचा बोळा असाच चिमटीत ओढून ते धाग्याची लांबी सांगत आणि भले भले व्यापारी मुकाट्याने ऐकून घेत. रिटायर झाल्यावर तीच बोटं त्यांनी वायरला लावली.

मी फिजिक्सचा मास्तर. कॉलेजात नोकरी लागली म्हणून धुळ्याला आलो आणि नेमका नानांच्या समोर भाड्याने राहिलो. धुळ्यातल्या गल्ल्यांना नंबर आहेत, पण आमच्या गल्लीचा पत्ता विचारलात तर लोक नंबर सांगत नसत, "वायरवाल्या नानांची का?" असं उलट विचारत. सामान लावून होण्याआधीच मला बोलावणं आलं. खोलीत जपानी अ‍ॅम्प्लिफायर, जपानी कॅसेट डेक आणि एक स्पीकर. एकच. जमिनीवर खडूने चार गोल काढले होते, त्यांत खुर्चीचे चार पाय. त्या खुर्चीत मला बसवलं. चहा आला, पण गाणं संपेपर्यंत प्यायचा नाही, बशी वाजते. कॅसेट लागली. एका बाईंचं भजन होतं. संपल्यावर नानांनी पुढे वाकून विचारलं, "तबला वाजस का, सर?"

मी खरं ते सांगितलं. बाई ऐकू आल्या, पेटी ऐकू आली, तबला नाही.

"वायर खाई जास," नाना म्हणाले. "बठ्ठं वायरमा शे." म्हणजे सगळा दोष वायरचा.

चहा गार झाला होता. तो मी तसाच प्यायलो.

दुसरा स्पीकर कुठे आहे, हे मला गल्लीने सांगितलं. तो भिंतीपलीकडे होता, लोटनकडे. लोटन म्हणजे नानांचा धाकटा भाऊ. एका वर्षी कापूस चांगला पिकला तेव्हा दोघांनी मिळून मुंबईहून हा सेट आणला होता. तेव्हा घर अखंड होतं, मोठा हॉल, दोन टोकांना दोन स्पीकर, आणि मधोमध दोघे भाऊ सतरंजीवर. पुढे दोघांचं बिनसलं. कशावरून, ते दोघांनाही नीट सांगता यायचं नाही. वाटणीसाठी गावाकडून म्हातारे पंच आले. त्यांना स्टिरिओ म्हणजे काय हे कुठून ठाऊक असणार? स्पीकर दोन, भाऊ दोन, एकेक दिला. सेट थोरल्याला, त्याच्या बदल्यात शिलाई मशीन धाकट्याला. हॉलच्या बरोबर मधोमध विटांची भिंत उठली. ही जोडी आहे, तोडू नका, एवढं एक वाक्य कुणीतरी बोलायला हवं होतं. नाना वाट पाहत होते लोटन बोलेल म्हणून, आणि लोटन नाना बोलतील म्हणून. अक्कांनी, म्हणजे नानांच्या बायकोने, हे मला सांगितलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या आणि मान वर न करता सांगत होत्या.

मी मास्तर असल्यामुळे समजावून सांगण्याचा रोग मला आहेच. मी वहीत आकृती काढून नानांना सांगितलं, की रेकॉर्डिंग करताना पेटी एका बाजूला ठेवतात, तबला दुसऱ्या बाजूला. तुमच्याकडे एकच बाजू वाजते. तबला वायरने खाल्लेला नाही, तो लोटनच्या वाट्याला गेलाय. पुरावा म्हणून मी स्पीकरची वायर सेटच्या दुसऱ्या बाजूला जोडून दाखवली. तबला खणखणीत आला, पेटी गेली. मला वाटलं, जिंकलो. नानांनी शांतपणे वायर पुन्हा पहिल्या जागी लावली आणि म्हणाले, "ती बाजू त्याची."

त्यानंतर मी आकृत्या काढणं सोडायला हवं होतं. सोडलं नाही, ही माझी चूक.

वायरी येतच राहिल्या. आधी घंटीची दुपदरी वायर होती. मग भडगावच्या मेव्हण्याच्या विहिरीवरून पाणबुडी मोटारीची केबल आली, मनगटाएवढी जाड. ती स्पीकरला लावायला नानांनी वेल्डिंगवाल्याला घरी आणलं. त्यानंतर मुंबईची पारदर्शक, आतून तांबं चमकणारी परदेशी वायर. तिची किंमत ऐकली तेव्हा मी खुर्चीत बसलेलाच होतो म्हणून बरं. नापास झालेल्या वायरी अक्का फुकट वाटून टाकत. आमच्या सगळ्या गल्लीचे कपडे नानांच्या वायरींवर वाळत. माझे लेंगे परदेशी तांब्यावर वाळायचे, अशी चैन मी पुन्हा कधी केली नाही.

एकदा मी हट्टाला पेटलो. नानांचे डोळे टॉवेलने बांधले आणि गल्लीतून परत मागून आणलेल्या तीन वायरी आळीपाळीने लावल्या: घंटीची, मोटारीची, परदेशी. दहा वेळा भजन वाजलं. नानांनी घंटीच्या वायरला परदेशी म्हटलं, परदेशी वायरला मोटारीची म्हटलं. एकदा तर मी वायर बदललीच नाही, तरी त्यांना आवाज पहिल्यापेक्षा मोकळा वाटला. मी निकाल वाचून दाखवला. नानांनी टॉवेल सोडला, घडी घातली आणि म्हणाले, "म्हणजे सर, खरी वायर अजून आपल्यापर्यंत आलीच नाही."

या माणसापुढे मी हात टेकले. फिजिक्सने पुढे मला पंचवीस वर्षं पोसलं, पण त्या संध्याकाळी ते माझ्या काही कामी आलं नाही. घरी येऊन मी बायकोशी विनाकारण भांडलो.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. स्पीकर सेटपासून चार फुटांवर आणि नाना प्रत्येक वायर चाळीस फूट घेत. उरलेलं भेंडोळं खिडकीखाली पडलेलं असे. इतकी लांब कशाला, असं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा म्हणाले, "लागी कधी." लांबीचा वेगळा खर्च होत होता, पण ते माझं कोण ऐकणार.

पलीकडे लोटन काय करत होता? लोटनने त्या स्पीकरवर पाण्याचा माठ ठेवला होता. उंची बरोबर येते म्हणायचा. माठ पाझरायचा, स्पीकरच्या लाकडाला ओलीचं काळं कडं पडलं होतं. हे खिडकीतून येताजाता सगळ्या गल्लीला दिसे.

असं सात वर्षं चाललं. मग लोटनच्या मुलाने जळगावला घर घेतलं आणि लोटनने आपली अर्धी बाजू विकायला काढली. गिऱ्हाईक लगेच मिळालं. सामान न्यायला ट्रक आला, तो दुपारी. नाना बाहेर आले नाहीत. अक्का भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी आत गेलो तर नाना खिडकीखालचं भेंडोळं सोडत होते. एक टोक सेटला, लोटनच्या बाजूला, आधीच जोडलेलं होतं. दुसरं टोक त्यांनी माझ्या हातात दिलं.

"एवढं तिकडे नेऊन द्या, सर. तुम्ही शिकलेले, तुमचं ऐकेल."

सात वर्षांत मी एवढा मूर्ख कधी दिसलो नसेन. गल्लीच्या मधून, ट्रकच्या हमालांसमोर, वायर ओढत मी लोटनच्या खिडकीशी गेलो आणि गजांतून टोक आत सरकवलं. लोटन रिकाम्या खोलीत उभा होता. त्याने वायरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग माठ उचलून खाली ठेवला, गुडघ्यावर बसला आणि वायर स्पीकरला जोडली. पलीकडे भजन सुरू झालं, ते भिंतीतून दबकं येत होतं. लोटनच्या स्पीकरमधून काहीही आलं नाही. मी वाकून पाहिलं. आतला पुठ्ठा सडून गळून पडला होता.

भिंतीपलीकडून नानांचा आवाज आला. वाटणीनंतर पहिल्यांदाच. "लोटन, तबला वाजस का रे?"

लोटन त्या मेलेल्या स्पीकरकडे पाहत राहिला. मला वाटलं, आता खरं सांगेल.

"वाजस, भाऊ," तो म्हणाला. "साफ वाजस."

भजन संपेपर्यंत तो तिथेच बसून होता. मग उठला, डोळे पुसले, ट्रकमध्ये जाऊन बसला. ट्रक गेला.

मी नानांकडे परतलो. त्यांना काय सांगावं हे मला कळत नव्हतं. आजवर एकही गोष्ट मी त्यांना खोटी सांगितली नव्हती आणि आता सांगायची वेळ आली होती. नानांनीच ती वेळ टाळली.

"माठ होता ना त्याच्यावर," ते म्हणाले. "पुठ्ठा कधीच गेला असेल. मी रोज पाहायचो."

"मग विचारलंत कशाला, नाना?"

"वाजस म्हणाला ना तो."

त्यांनी सेट बंद केला आणि सवयीने वायर गोळा करायला घेतली. दोन हात ओढली, तिसऱ्यांदा ती ताणली गेली आणि पुढे येईना. मी गल्लीत जाऊन लोटनच्या खिडकीतून आत पाहिलं. लोटनने सगळं सामान नेलं होतं. रिकाम्या खोलीत तेवढा स्पीकर ठेवला होता, वायर त्याला तशीच जोडलेली. परत आलो तेव्हा मी काय पाहिलं हे नानांनी विचारलं नाही. ताणलेली वायर बोटांत धरून ते थोडा वेळ उभे राहिले आणि मग त्यांनी ती हळूच सैल सोडली.