काकूंचा खाकी कोट

एकोणीसशे अडुसष्ट साली आमच्या मोठ्या काकू एका डेअरीचा गोठा सांभाळत होत्या. "माझ्या हाताखाली आलेलं माणूस कधी पळून जात नाही!" हे त्या रोज एकदा तरी ऐकवायच्या.

"मग गेल्या महिन्यातले दोघे?" मालकांनी विचारलं.

"ते पळाले नाहीत. घाईत गेले."

मालक हसले नाहीत. "काकू, उद्या नवे दोघे येताहेत. रविवारी त्यांनी माझ्यासमोर धार काढून दाखवली तर ठीक. नाहीतर गाई विकून टाकतो. रोज नवी माणसं कुठून आणू?"

गाई विकायच्या? वासरं असल्यापासून काकूंनीच वाढवलेल्या गाई त्या! पण काळजी चेहऱ्यावर दाखवतील तर त्या काकू कसल्या?

"रविवारी कपडे जपून घालून या," त्या म्हणाल्या. "धारेचा फेस उडेल!"

नवे दोघे आले. एक दुकान बंद पडलेला शिंपी, दुसरा उभं राहून कंटाळलेला बस कंडक्टर. दोघांनी दूध पाहिलं होतं ते फक्त कपात! काकूंनी खोली दाखवली, चहा पाजला, गमबूट दिले आणि थेट सासूबाईंपुढे नेऊन उभं केलं. सासूबाई म्हणजे गोठ्यातली सगळ्यात थोरली गाय. नाव काकूंनी ठेवलेलं. का ठेवलं हे विचारायची काकांची छाती नव्हती.

सासूबाईंनी शिंप्याला हुंगलं आणि अशी लाथ घातली की तो गवताच्या ढिगात! कंडक्टर सरसावला. "चला, पुढे सरका, पुढे जागा आहे!" सासूबाई सरकल्या नाहीत. कंडक्टर मात्र दारापर्यंत सरकला.

"घाबरू नका," काकू म्हणाल्या. "पहिल्या दिवशी सगळ्यांचं असंच होतं."

संध्याकाळी दोघे पिशव्या भरताना दिसले.

"थांबा रे!" काकूंनी अंगातला खाकी कोट काढला. शेण, पेंड आणि गुडघ्याचं मलम यांचा त्याला असा वास होता की काका जेवताना तो बाहेर टांगायला लावत. "गाय माणूस नाकानं ओळखते. हा घाला."

"दोघांनी एक कोट?" कंडक्टर म्हणाला.

शिंप्याचे हात कधीचे शिवशिवत होते. "काकू, कापू?"

"काप!"

कोटाची दोन जाकिटं झाली, आणि सकाळी चमत्कार! गाई शहाण्यासारख्या उभ्या. शनिवारपर्यंत तर सासूबाई कंडक्टरच्या मागे न्हाणीघरापर्यंत जाऊ लागल्या, आणि शिंपी जेवायला बसला की एखादी गाय येऊन त्याची मान चाटायची!

रविवारी मालक आले. काकूंनी वासाच्या साबणानं अंघोळ केली होती, पावडर लावली होती, शिंप्यानं शिवलेला कोरा पांढरा कोट घातला होता. शिंपी आणि कंडक्टरच्या बादल्या फेसानं भरल्या.

"काकू, मानलं तुम्हाला!" मालक म्हणाले. "गाई राहिल्या!"

इथेच थांबायचं की नाही? पण काकूंची छाती अभिमानानं फुगली होती. "अहो, हे तर शिकाऊ! आता गुरूचा हात बघा!"

त्या ऐटीत सासूबाईंपाशी बसल्या. सासूबाईंनी हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग काकू गवतात, आणि भरलेली बादली मालकांच्या डोक्यावर!

"ही कोण नवी बाई ठेवलीत?" बादलीतून आवाज आला.

शिंप्यानं धावत जाऊन आपलं जाकीट काकूंच्या खांद्यावर टाकलं. "काकू, घाबरू नका. पहिल्या दिवशी सगळ्यांचं असंच होतं."

लगेच सासूबाईंनी काकूंच्या खांद्यावर मान ठेवली.

पुढे काकूंचं वय झाल्यावर त्यांच्या जागी कंडक्टर गोठ्याचा मुख्य झाला. त्याच्या गाई रांगेनं आत शिरायच्या, धक्काबुक्की नाही! शिंप्यानं पुन्हा दुकान थाटलं, पण डेअरीत नवं माणूस लागलं की त्याला जाकीट शिवून पाठवायचा, आतून त्या खाकी कोटाचा तुकडा लावून. मालकांनी एकही गाय विकली नाही. फक्त गोठ्यात आले की दारातूनच बोलायचे. सासूबाई खूप म्हाताऱ्या होऊन गेल्या, शेवटपर्यंत काकूंच्या हातून पेंड खात.

आणि काकू? प्रत्येक नव्या माणसाला त्या ही गोष्ट अभिमानानं सांगायच्या. फक्त त्यांच्या गोष्टीत लाथ मालकांना बसायची.