चार नंबरची पट्टी

माथुरजी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला घराचं छत ऐकायचे. अगदी कान देऊन. जयपूरच्या जुन्या घरांत लांबलचक दगडी फळ्या शेजारीशेजारी टाकून छत करतात. त्यांना पट्ट्या म्हणतात. माथुरजींनी प्रत्येक पट्टीवर गेरूने नंबर घातला होता. मान तिरकी करायची, डोळे मिटायचे आणि खालून बांबू ठोकायचा. ‘टन्’ आलं की पट्टी ठणठणीत. "सात नंबर का गला ज़रा बैठा है," असं ते फॅमिली डॉक्टरच्या सुरात सांगायचे.

ते आमचे घरमालक. निवृत्त ओव्हरसियर, वय सत्तरीच्या पुढे. बनी पार्कमधल्या त्या घरात खाली ते एकटे आणि वर आम्ही तिघं. विमा कंपनीतल्या बदलीने सोलापूरहून आलेलो.

दुरुस्तीला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. नळ गळतोय म्हटलं, तर स्टूल घेऊन आले आणि पंधरा मिनिटं नळासमोर डोळे मिटून बसले. "मतलब, वॉशर ठीक है. इसका मन नहीं लग रहा." मग गुपचूप वॉशरच बदलला. खिळा ठोकायचा तर आधी ते बोटाच्या पेराने भिंत वाजवणार. आमचं कॅलेंडर दाराच्या मागे लागलं, कारण भिंतीने परवानगी दिली ती तिथेच.

मी त्यांना घाबरायचो. आधीच्या भाडेकरूने पाळण्याचा हूक ठोकला म्हणून त्याला घर सोडायला लावलं, असं कॉलनीत सगळे सांगायचे.

आणि आता जे आजवर टाळत आलो ते लिहितो.

दर रविवारी तीनच्या सुमाराला मी शेंगदाण्याची चटणी कुटतो. आईच्या लोखंडी खलबत्त्यात, जमिनीवर मांडी घालून. मिक्सरमध्ये दाण्याला तसं तेल सुटत नाही. जयपुरातही पहिल्या रविवारपासून हाच क्रम. खिडकीजवळ उजेड छान, तिथे बसायचो. सोलापूरच्या आमच्या घरात फरशीखाली जमीन होती. इथे फरशीखाली माथुरजी होते. हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

एका रविवारी बत्ता खाली आला आणि फरशीखाली ‘कट्’ झालं. हाड मोडल्यासारखं.

"काय झालं ओ?" स्वयंपाकघरातून बायको.

"काही नाही."

वाटीत चटणी घेतली आणि खाली गेलो. छताकडे पाहिलं. चार नंबरवर केसाएवढी रेघ, भिंतीपासून निम्म्यापर्यंत. आणि बरोबर तिच्याखाली माथुरजींचा पलंग.

"क्या देख रहे हो, माने साब?"

"पंखा."

"पंखा उधर है."

मी बोललो नाही. मुलीची बारावीची परीक्षा दोन महिन्यांवर होती. अशा वेळी घर सोडायला लागलं तर कुठे जाणार, एवढंच मनात होतं. एका म्हाताऱ्या माणसाच्या छातीवर दगड टांगून ठेवलाय, हे माहीत असूनही मी गप्प बसलो.

त्यानंतर आम्ही घरात पालीसारखे भिंतीला धरून चालायला लागलो. मुलगी जरा धावली की मी खेकसायचो. खलबत्ता वरच्या फळीवर गेला. रोज सकाळी सातला माथुरजी पेपर उचलायला बाहेर येत आणि दोनदा खोकत. तो खोकला ऐकल्याशिवाय मला चहा जात नसे. पलंग हलवायला मी वास्तुशास्त्रही सांगून पाहिलं. म्हटलं, तुमचे पाय दक्षिणेकडे होतात.

"माने साब, इस उम्र में जिधर पैर करूँ, दक्षिण ही है."

मग पहिली तारीख आली. मी मुद्दाम खाली जाऊन उभा राहिलो. टन्. टन्. टन्. ठप्.

त्यांनी पुन्हा ठोकलं. ठप्. डोळे उघडून पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"गर्मी-ठंड से हो जाता है," असं म्हणून ते पाच नंबरकडे वळले.

"हाँ जी, मौसम ही ऐसा है," मी म्हणालो. हे वाक्य मला अजून टोचतं.

बायकोला सगळं सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "सांगून टाका की ओ. उद्या काही झालं तर घास गिळवेल का तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी सात वाजले, खोकला नाही. सव्वासात झाले. पेपर दारातच पडलेला. मी बनियनवरच जिना उतरलो आणि दोन्ही हातांनी दार बडवलं.

दार उघडलं. माथुरजींच्या गालांवर दाढीचा फेस. "क्या हुआ? ऊपर आग लगी?"

उंबऱ्यातच मी सगळं बोलून टाकलं. खलबत्ता, कट्, पंखा, वास्तुशास्त्र. बोलताना हुंदका कधी आला ते कळलं नाही.

त्यांनी टॉवेलने सावकाश फेस पुसला. "मालूम है. हर इतवार सुनता था. बहरा थोड़े ही हूँ."

"मग... तो रोका क्यों नहीं?"

ते छताकडे बघत राहिले. "पहले ऊपर हम रहते थे. मेरी घरवाली भी वहीं बैठती थी, खिड़की के पास. लहसुन-मिर्च कूटती. मैं बोलता, चार नंबर टूटेगी. बोलती, टूटने दो." त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "तुम लोग आए, पहले ही इतवार फिर शुरू हो गया. मैंने पलंग इधर खिसका लिया."

मग ओव्हरसियरच्या आवाजात म्हणाले, "मना मुझे करना था. गलती मेरी है."

त्याच दिवशी मिस्त्री बोलावून त्यांनी चार नंबरखाली लोखंडी गर्डर बसवून घेतला. पलंग मात्र तिथेच.

पुढच्या रविवारी तीन वाजता मी हात बांधून बसलो होतो. खालून चार नंबरवर बांबू वाजला. ठप्. थोड्या वेळाने पुन्हा. ठप्.

मी फळीवरून खलबत्ता काढला, भाजलेले दाणे घेतले आणि खाली गेलो. त्यांच्या खोलीत फरशीखाली जमीनच होती. पलंगाशेजारी मांडी घातली आणि कुटायला लागलो. माथुरजी आडवे झाले. डोळे मिटलेले, मान तिरकी.

बऱ्याच वेळाने म्हणाले, "ऊपर से आवाज़ ज़्यादा अच्छी आती थी, माने साब."

माझा हात थांबला.

"रुको मत," ते म्हणाले.