साळवेमामा आणि बर्फावरचा नातू

साळवेमामा कुणाच्याही घरात शिरले की माणसांकडं नंतर बघतात, आधी छताकडं. माझे सासरे गेले तेव्हा मामा भेटायला आले. उंबऱ्याशी चपला काढल्या, मान वर केली आणि जड आवाजात म्हणाले, "ताई, स्टार्टर गेला."

बसलेली सगळी माणसं दचकली. मामांनी फडफडणाऱ्या ट्यूबकडं बोट केलं. "असल्या उजेडात मानसाचं तोंड आजारीच दिसतं बगा." मग स्टूल मागितलं, वर चढले, स्टार्टर फिरवून ट्यूब ठिकाणावर आणली आणि खाली उतरून सासऱ्यांच्या फोटोपुढं मनापासून रडले.

शिरूरला आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. मूळचे दौंडचे, रेल्वे कॉलनीत वाढलेले. मामी बऱ्याच वर्षांपूर्वी गेल्या. एकुलती लेक सुवार्ता कॅनडात. म्हणजे मामा एकटेच, पण बघणाऱ्याला तसं वाटायचं नाही, कारण दिवसभर त्यांचं उजेडाशी भांडण चालू असायचं. दुपारचं ऊन त्यांना आगाऊ वाटतं, संध्याकाळचं गुणी. फ्लॅशचं तर नाव काढायचं नाही. "फ्लॅश मारला की मानूस मानूस राहत न्हाई, आधार कार्ड होतो," असं ते लग्नाच्या मांडवात नवरदेवाच्या बापाला सुनावतात आणि हॅलोजन हलवायला लावतात. भटजी मुहूर्तासाठी ओरडतात, मामा सावलीसाठी.

एका सकाळी मोबाईल घेऊन ते वर आले. "ताई, ह्यात माझा नातू कुठला, सांगा."

जावयानं पाठवलेला व्हिडिओ होता. पिवळट धुक्यात काही ठिपके इकडून तिकडं सरकत होते. मी एका ठिपक्यावर बोट ठेवलं.

"त्यो पंच हाय," मामा म्हणाले. "मलाबी आदी त्योच वाटला व्हता."

खेळ आइस हॉकीचा होता. मामांनी मला समजावलं, "मोठ्या बंद हॉलमदी बर्फ अंथरत्यात, आन् पोरं पायात सुऱ्या बांधून त्याच्यावर पळत्यात. जावई एवढा इंजिनेर, पर शूटिंग करतो जसं एसटीच्या खिडकीतनं करावं. आता सुवार्तानं बोलावलंय. जातो आन् इतनचा एक फोटो काढतो. कडक. चेहरा दिसला पायजे."

ईथनला मामा 'इतन' म्हणतात. पोरगा नऊ वर्षांचा. त्याला मराठी येत नाही, मामांना इंग्रजी बेताचं. फोनवर काय बोलता, असं मी विचारलं. मामा म्हणाले, "त्यो म्हनतो, हाय. मी म्हनतो, व्हय, हाय. झालं. मंग सुवार्ता फोन घेती."

आणि स्वतःच खो खो हसले.

जायच्या आधी सराव पाहिजे. शिरूरमध्ये बर्फ मिळतो तो फक्त रसवंतीत. पण माझी मुलगी साक्षी रोलर हॉकी खेळते, म्हणजे तोच खेळ, बर्फाऐवजी फरशीवर आणि चाकांच्या बुटांवर. त्यांचा क्लास कारेगावच्या वाटेवर कांद्याच्या एका जुन्या गोडाऊनमध्ये भरतो. पत्र्याचं छत, खिडकी एकही नाही, निम्मे दिवे पिवळे, निम्मे पांढरे. मामा आत आले, वर बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "वा! ह्याच्यापरीस वाईट उजेड जगात कुठं नसंल. हितं जमलं की कुठंबी जमंल."

पहिल्या दिवशीच्या फोटोत साक्षीला सात पाय होते आणि तोंड हिरवं. दुसऱ्या दिवशी पाय दोन झाले, पण सगळं गोडाऊन काळोखात बुडालं. मामा हटले नाहीत. पोरं पळत कुठं येतात, क्षणभर कुठं थांबतात, गोल झाला की हात कधी वर जातात, हे त्यांनी हेरून ठेवलं. मग एक दिवस त्यांनी सगळ्या आईबापांना सांगितलं, "उद्या पांढरे कपडे घालून या. भिंतीला चिटकून हुबं ऱ्हावा. तुमच्या अंगावरनं उजेड पोरांच्या तोंडावर पडंल."

आम्ही खरंच गेलो. वीसेक माणसं पांढऱ्या कपड्यांत, ओळीनं, गप्प उभी. बाहेरून जाणारा एक टेम्पोवाला आत डोकावला, हात जोडले आणि हळूच विचारलं, "घरातलं कोन व्हतं?"

पण फोटो आला. साक्षीच्या कपाळावरचा घामाचा थेंबसुद्धा दिसत होता. तो अजून आमच्या भिंतीवर आहे.

मामा कॅनडाला गेले ते दोन कॅमेरे, माकडटोपी आणि दौंडच्या बाजारातली काळी घोंगडी घेऊन. घोंगडी थंडीसाठी असेल असं मला वाटलं. ती काचेसाठी होती. बर्फाच्या मैदानाभोवती उंच काच असते आणि तिच्यात दिव्यांची चमक येते. मामा काचेला कॅमेरा टेकवून वरून घोंगडी पांघरून बसायचे. पहिल्या मॅचला कोच येऊन सुवार्ताला विचारून गेला, आजोबांना बरं नाही का.

काही महिन्यांनी ते परतले. मी आणि साक्षी लगेच खाली स्टुडिओत गेलो. मामांनी कॉम्प्युटर लावला. फोटो बघून मी थक्कच झाले. बर्फ दुधासारखा पांढरा, स्टिकच्या टोकाशी उडालेला बर्फाचा चुरा कणाकणानं वेगळा. आणि ईथनच्या तोंडावर तारांची घट्ट जाळी.

"हेल्मेटची जाळी," मामा म्हणाले. "समद्या पोरांच्या तोंडावर. एकानं बी आदी सांगितलं न्हाई. सुवार्ताला म्हनलं, ही काढता येती का? तर म्हनती, पप्पा, दात पडतील त्याचे."

साक्षीला हसू आवरेना. मीही हसले. मग म्हटलं, "अहो मामा, मॅचच्या आधी काढायचा ना, हेल्मेट घालायच्या आत."

मामा माऊसची वायर नीट करत बसले. "तवा हात मोकळे नसायचे, ताई."

मग त्यांनी सांगितलं. त्या बुटांच्या नाड्या फार घट्ट ओढाव्या लागतात, लहान हातांना जमत नाही. बाप बांधून द्यायचा. पहिल्या शनिवारी बाप गाडी लावायला गेलेला. ईथननं इकडं तिकडं बघितलं आणि मुकाट्यानं पाय मामांच्या मांडीवर ठेवला.

"पुढच्या शनिवारी बाप व्हता तिथं. त्यानं नाडीला हात घातला, तर पोरानं पाय मागं घेतला. आला आन् माझ्याम्होरं बसला. मंग दर बारीला मीच. बोलनं काय न्हाई, नुसतं 'डावा', 'उजवा', 'वढ'. त्यो पाय द्यायचा, मी वढायचो. केस इस्कटलेले, नाक लाल, चेहरा हा असा, माझ्यापास्नं हातभर अंतरावर."

"सुवार्ताला काढायला सांगायचा होता की फोटो."

"काढला असता तिनं," मामा म्हणाले. "पर मंग इतननं कॅमेऱ्याकडं बगितलं असतं."

तेवढ्यात त्यांच्या फोनवर व्हिडिओ कॉल आला. शनिवारची संध्याकाळ, म्हणजे तिकडं सकाळ. पडद्यावर चेहरा नव्हताच. फक्त दोन बूट होते, नाड्या नुकत्याच बांधलेले. मामांनी चष्मा कपाळावर सरकवून फोन डोळ्यांजवळ नेला.

"डावा वढ," ते म्हणाले. "आजून. आजून वाईच."

पडद्यावर दोन छोटे हात आले आणि त्यांनी डाव्या बुटाची नाडी जोर लावून ओढली.